दातमायचे पाव्हणे

दातमायला आमची नावं कधीच पाठ झाली नाहीत, पण दात सगळ्यांचे पाठ होते. अंधारात तोंडात बोट घातलं तरी ही कोण पोरगी ते ती सांगू शकली असती, असं आम्ही म्हणायचो, आणि ते फार खोटं नव्हतं.

अमरावतीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. तोंडावर आम्ही तिला मावशी म्हणायचो, मागे दातमाय. मुलींना ती गावाच्या नावानं हाक मारायची. "ये मोर्शी, दूध घे. ये दर्यापूर, ताट कोन उचलन, तुया बाप?" सकाळी तिच्या दारात उभं राहिलं की एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटायचं. माझं गाव चांदूर बाजारजवळ, म्हणून मी चांदूर. माझ्या बाजूच्या पलंगावर प्रणाली होती, ती अकोट.

सकाळी दूध मिळायच्या आधी रांग लागायची. दातमाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसायची, हातात छोटा टॉर्च. "दात दाखव." अंगठ्यानं खालचा ओठ खाली करायची, मग वरचा वर. तिच्या बोटांना ज्वारीच्या पिठाचा वास असायचा. दातांपेक्षा ती हिरड्याच जास्त पाहायची. कोणाच्या लाल दिसल्या की म्हणायची, "झाडू मारला नाई काय वं आज घरात?" आणि ती पोरगी दूध न घेता ब्रश आणायला परत जायची.

हा उद्योग तिला कोणी सांगितला नव्हता. आम्ही यायच्या कितीतरी आधी वसतिगृहात दातांचं एक शिबिर झालं होतं. एक तरुण डॉक्टरीण आली, मुलींना तपासून गेली. मुली लाजून मागे बसल्या आणि सगळे प्रश्न विचारले ते दातमायनेच. डॉक्टरीण जाताना तिला प्लास्टरचा एक जबडा देऊन गेली. तो स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या डब्याशेजारी असायचा. नवीन मुलगी पहिल्या दिवशी तो पाहून दचकायचीच.

दातमायचे स्वतःचे पुढचे चार दात नव्हते. बोलताना पदर तोंडावर असायचा, हसताना तर असायचाच. एकदा भाजी निवडताना तिनं सांगितलं होतं. "तुमच्याएवढी होती मी. तोंडातून रगत याले लागलं. माय म्हने, उष्णता हाय, दाताले हात लावू नोको. मंग नाई लावला. मंग कोनी तरी गुडाखू देल्ला, तंबाकूचा, लाव म्हने, आराम पडते. आराम पडला. दात बी पडले." इथे तिनं हसून पदर घेतला. "लग्नाचा फोटो हाय माया. सारे हसून राह्यले. मीच तेवढी तोंड मिटून."

ही चूक मी पण केली. आठवीत असताना ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायला लागलं. मी घाबरून आईला फोन केला. आई म्हणाली, "उष्णता झाली तुले. ब्रश करू नको काही दिवस. सब्जा पाठवते." आमच्याकडे सगळ्या मुलींना हेच सांगतात. पाळी नवीन सुरू झालेली असते, त्यात तोंडातून रक्त, मग घरात सगळे म्हणतात की अंगातली उष्णता वर चढली. मी सब्जा खाल्ला आणि बोटानं नुसती पेस्ट फिरवायला लागले. पंधरा दिवसांत हिरड्या फुगून दातांवर आल्या. वर्गात माझ्या बाकावरची मुलगी दुसरीकडे बसायला गेली. का गेली ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं.

रांगेत मी तोंड अर्धंच उघडायची. तीन दिवस निभलं. चौथ्या दिवशी दातमायने हनुवटी धरली.

"काहून वं चांदूर, खिडकी उघडून दार बंद करतं काय?"

मी रडले. तिनं मला रांगेतून बाजूला घेतलं आणि प्लास्टरचा जबडा मांडीवर ठेवला.

"आयक. तू मोठी होऊन राह्यली ना, त अंगात नवे पाव्हणे येतेत. हार्मोन म्हनतेत त्याईले. पाव्हणे आले की घरात गर्दी होते, हिरड्याईत रगत जास्त येते, जराशी बी घान असली त सुजते. आता मले सांग, घरी पाव्हणे आले त कोनी झाडू माराचं सोडते काय? उलटं दोनदा मारते."

मग तिनं मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून त्या जबड्यावर दाखवलं, हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरपा धरून. "भाकर थापल्यावानी, हळू. भांडं घासल्यावानी नाई." रात्री मिठाच्या पाण्यानं चुळा. पहिले चार-पाच दिवस रक्त जास्तच आलं. मी म्हटलं, मावशी, वाढलं. ती म्हणाली, "येऊ दे. पाव्हण्याईले भेऊन घर सोडतं काय?" दोन-तीन आठवड्यांनी पाणी पांढरं झालं. बाकावरची मुलगी परत आली.

आज मी दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्गात पहिल्यांदा हा विषय आला तेव्हा मी वहीत काहीच लिहिलं नाही. सर जे शिकवत होते ते मला पिठाच्या वासासकट आधीच माहीत होतं.

तिच्याकडे एक कॅलेंडर होतं. दातमायला लिहिता जेमतेम यायचं, म्हणून तिनं प्रत्येक मुलीला एक खूण दिली होती. माझी संत्र्याची फोड. प्रणालीचं कापसाचं बोंड. कोणाची पाळी कधी येणार ते ती पुढच्या महिन्यांच्या पानांवर आधीच काढून ठेवायची. पाळीच्या आधी काही मुलींच्या हिरड्या जरा फुगतात आणि पाळी आली की उतरतात, हे तिनं रोज पाहून पाहून स्वतःच ओळखलं होतं. रांगेत ओठ खाली करून ती हळूच म्हणायची, "तुही तारीख आली. दप्तरात कपडा ठेवजो." आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पुस्तकात हे वाचलं तेव्हा वाटलं, हिला कोणी शिकवलं असतं तर.

आता मला प्रणालीबद्दल लिहायचं आहे. मी पुष्कळदा इथपर्यंत लिहून थांबले आहे.

प्रणाली आमच्यातली सगळ्यात बोलकी. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागला की सगळ्यात आधी तीच रस्त्यावर. घरी तिच्या मोठ्या दोन बहिणींची शाळा सातवीतच सुटली होती. तिला वडिलांनी मोठ्या मुश्किलीनं इथे ठेवलं होतं, आणि आजी दर सुट्टीत म्हणायची की आता पुरे झालं.

आम्ही नववीत होतो. हिवाळ्याच्या शेवटी प्रणालीच्या हिरड्या सुजल्या. दातमायने पाहिलं आणि म्हणाली, "पाव्हणे आले वं अकोट. झाडू मार." प्रणाली दोनदा ब्रश करायला लागली, मग तीनदा. रक्त थांबेना. सकाळी तिच्या उशीवर लाल ठिपके असायचे. ती उशी उलटी करून ठेवायची. दातमाय रागवायची, "आळशी हाय तू, नुसता ब्रश ओला करतं." प्रणाली काही बोलायची नाही. तिच्यासारखी पोरगी काही बोलत नाही याचंच आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही.

एकदा ती मोजे घालत असताना मला तिच्या नडग्या दिसल्या. निळे डाग होते, मोठे, कुठे हिरवट. वर मांडीवरही होते.

"पडली काय तू?"

"नाई वं. असेच येऊन राह्यले." तिनं मोजा वर ओढला. "कोनाले सांगू नको. वॉर्डन मॅडमले कळलं त घरी पाठवतीन. घरी गेली त आजी परत येऊ देनार नाई. तुले शप्पथ हाय माई."

मी शपथ घेतली. चौदा वर्षांच्या मुलीला शपथ फार मोठी वाटते.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी दातमायजवळ लसूण सोलत बसले होते. ती कॅलेंडरकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती.

"अकोटची तारीख त गेली," ती म्हणाली. "तिच्या हिरड्या कावून नाई उतरल्या?"

मी लसूण सोलत राहिले.

"चांदूर, तू तिच्या बाजूले झोपतं. तिले काई होऊन राह्यलं काय? मले सांग."

"नाही जी," मी म्हटलं. "काहीच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "मंग पाव्हणेच असतीन. काई काई जन मुक्कामाले राहतेत." आणि तिनं कणीक मळायला घेतली.

जयंतीला प्रणाली नाचली नाही. ढोल वाजत होता आणि ती एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. चेहरा पांढरा पडला होता. त्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि मॅडमनी वडिलांना बोलावलं. ते तिला अकोल्याला घेऊन गेले. पुढचं आम्हाला नंतर कळलं. तिथल्या डॉक्टरनं हिरड्या पाहिल्या, मग सलवार वर करून नडग्या पाहिल्या, आणि लगेच रक्त तपासायला घेतलं. रक्ताचा कॅन्सर होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपायच्या आत ती गेली.

शाळा उघडल्यावर तिचे वडील पेटी न्यायला आले. दातमाय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी नळावर बादली भरत होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेटी खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "मावशी, तुमी त रोज तिचं तोंड पाहत होत्या ना?"

तिच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. जूनच्या पानावर कापसाचं बोंड काढलेलं होतं, तिनं मार्चमध्येच काढून ठेवलेलं.

दातमाय म्हणाली, "हो जी. पाहत होती."

बस. 'मी तिच्या मैत्रिणीला विचारलं होतं' असं ती म्हणू शकली असती. मी चार पावलांवर होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बादली उचलली. ती भरून वाहत होती आणि नळ बंद करायचं मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती चुलीसमोर एकटीच बोलताना मी ऐकलं. "चोराले पाव्हणा समजली मी. चोराले पाव्हणा समजली."

काही आठवडे सकाळची रांग लागली नाही. पाट भिंतीला टेकून ठेवलेला असायचा. मुली आपापलं दूध घेऊन जायच्या. मग एक दिवस पाट परत उंबऱ्याशी आला, पण आता तिचं वाक्य वाढलं होतं. "दात दाखव. पाय दाखव." आधी तोंड, मग सलवार गुडघ्यापर्यंत. नवीन मुली हसायच्या. दर्यापूर म्हणाली, "मावशी, दात पायाले बी असतेत काय?" सगळ्या हसल्या. दातमाय हसली नाही. टॉर्च नडगीवर फिरवत राहिली. रांगेत माझा नंबर आला की माझ्या पायांवर ती जास्त वेळ थांबते असं मला वाटायचं. कदाचित तसं नसेलही.

आणि एक बदल झाला. अकोट हे नाव तिनं परत घेतलं नाही. त्याच वर्षी त्या गावाची दुसरी एक मुलगी आली, तिला ती "ये बाई" म्हणायची. बाकी सगळ्या गावं राहिलो. ती एकटी बाई.

आमची दहावी झाली त्या वर्षी दातमायने काम सोडलं आणि परतवाड्याला भाचीकडे राहायला गेली. मी बारावी केली, परीक्षा दिली, दंतवैद्यकाला लागले. तिला कळवायचं राहून गेलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मी टाळलं.

मग वर्गात तो तास झाला. वयात येताना हिरड्या सुजतात, त्या स्वच्छतेनं बऱ्या होतात; पण नीट घासूनही रक्त थांबत नसेल, आणि अंगावर कारण नसताना निळे डाग असतील, तर रक्त तपासल्याशिवाय त्या मुलीला घरी पाठवायचं नाही. तास संपल्यावर मी सरांना विचारलं, नाव न सांगता. "सर, दोन महिने आधी कळलं असतं तर फरक पडला असता का?" सर म्हणाले, "कधी पडतो. कधी नाही पडत. कोण आहे, नातेवाईक का?" मी म्हटलं, नाही सर, असंच.

त्या हिवाळ्यात मी परतवाड्याला गेले. तिला सांगायचं ठरवूनच गेले. बसमध्ये वाक्य पाठ करत होते. मावशी, तुम्ही विचारलं होतं तेव्हा मला माहीत होतं. एवढंच.

भाचीचं घर स्टँडच्या मागेच होतं. दातमाय ओसरीवर बसली होती, फार वाळली होती. मला पाहून पदर तोंडावर घेतला, म्हणजे हसली.

"चांदूर! डॉक्टर झाली म्हनतेत तू."

"व्हायची आहे जी."

"मंग माये दात बसवून दे. आता कोनाच्या लग्नात हसाचं हाय म्हना."

मी हसले, आणि हसता हसता मला आतल्या भिंतीवर कॅलेंडर दिसलं. त्या महिन्याच्या पानावर पेनानं काढलेली एकच खूण होती. कापसाचं बोंड. मी उठून पुढचं पान उचललं. तिथेही होतं. एकटंच. त्याच्या पुढच्या पानावरही.

मी तशीच तिच्यासमोर जाऊन बसले. "मावशी, प्रणालीच्या पायावर..."

"दात दाखव," ती म्हणाली.

आणि तिनं माझी हनुवटी धरली. पकड तीच होती, पिठाचा वासही तोच. अंगठ्यानं ओठ खाली केला. तोंडात कोणाचा अंगठा असताना बोलता येत नाही. तिनं वरच्या हिरड्या पाहिल्या, खालच्या पाहिल्या, दाढांपर्यंत गेली. इतका वेळ तिनं वसतिगृहात कधीच लावला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पाहत होती, पण बोट काढत नव्हती.

"तुही तारीख आली," ती शेवटी म्हणाली. बरोबर होतं.

मग तिनं माझे पाय पाहिले. दोन्ही नडग्या, पुढून आणि मागून. सलवार खाली ओढून तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "साफ हाय. जाय आता, गाडी सुटन तुही."

स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "अकोट, अकोट, अंजनगाव-अकोट!" ओसरीपर्यंत आवाज येत होता. दातमायने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गाडी जाईपर्यंत तशीच बसून राहिली. मी उठले. तिच्या पाया पडले.

तिला माहीत होतं का? मी याचा फार विचार केला आहे. माहीत होतं म्हणून तिनं मला बोलू दिलं नाही, की नुसतीच जुनी सवय होती? उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, "आत्या गेली." मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का. भाची म्हणाली, "नाई बा. तो जबडा तेवढा तुमच्यासाठी ठेव म्हने."

तो प्लास्टरचा जबडा आता माझ्या खोलीत खिडकीत आहे. कॉलेजच्या वसतिगृहात नवीन मुलगी आली की तो पाहून दचकते. मी कधी कधी अजूनही दचकते.

कॉलेजच्या दवाखान्यात बारा-तेरा वर्षांच्या मुली येतात, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून घाबरलेल्या. बहुतेकींना घरी ब्रश बंद करायला सांगितलेलं असतं. मी त्यांना पाव्हण्यांची गोष्ट सांगते, त्या हसतात. मग मी म्हणते, पाय दाखव. माझ्यासोबतच्या मुलांनी यावरून मला बरंच चिडवून घेतलं आहे.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती, शाळेच्या गणवेशात, सोबत आई नव्हती, वर्गमैत्रीण होती. हिरड्या सुजलेल्या, पाय स्वच्छ, फक्त डास चावल्याच्या खुणा. साधंच होतं. मी ब्रश कसा धरायचा ते दाखवलं, आईला घेऊन पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. तरी तिला खुर्चीवरच बसवून मी मैत्रिणीला बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

"तिला अजून काही होतं का? थकते का? अंगावर कुठे डाग?"

"नाई मॅडम," ती म्हणाली. "काहीच नाही."

तिनं फार पटकन म्हटलं. खरंही असेल. बहुधा खरंच होतं. पण दातमायने मला एकदाच विचारलं होतं.

मी तिच्यासमोर खाली बसले, आणि परत विचारलं.